साप चावला कुठे? सातपुड्याच्या पायथ्याशी काढलेला एक नकाशा

पहिला नकाशा स्क्रीनवर उमटला तेव्हा तालुक्याच्या गावावर एक लालभडक ठिपका होता. तापीकाठची मोठी गावं केशरी दिसत होती. आणि वर, सातपुड्याच्या अंगाला, पाड्यांचा सगळा पट्टा कोरा पांढरा. त्या नकाशावर विश्वास ठेवायचा तर सर्वांत जास्त सर्पदंश बाजारपेठेच्या गावात झाले होते आणि जंगलाच्या कडेला जवळपास एकही नाही. तालुका आरोग्य अधिकारी शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मॅडम, हे उलटं आहे."

ते उलटं का आलं आणि सरळ कसं झालं, त्याची ही हकीकत. मी भूगोल शिकवते. तालुका जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर या तापीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यातला. नेमका कोणता ते लिहीत नाही; गावांची नावं आणि दंशांचे आकडेही देत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

या अधिकाऱ्यांचा, म्हणजे डॉक्टरसाहेबांचा, प्रश्न छोटा होता. पावसाळा तोंडावर आला होता. सापाच्या विषावरचं इंजेक्शन, ज्याला दवाखान्यात सगळे एएसव्ही म्हणतात, ग्रामीण रुग्णालयात होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत कुठे होतं, कुठे नावापुरतं होतं. मिळणारा साठा मोजका. तो कोणत्या केंद्रात ठेवला तर चावलेल्या माणसाला पहिली बाटली लवकरात लवकर लागेल, एवढंच त्यांना हवं होतं. गेल्या तीन वर्षांच्या नोंदवह्या ते द्यायला तयार होते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आमची मुलं ते शिकतातही. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम आहे. पुढे सगळा पावसाळा गेला.

सर्पदंश हा नकाशावर मांडण्याजोगा आजार आहे का, असं मला एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. माझ्या मते याच्याइतका भूगोलाला बांधलेला आजार दुसरा क्वचितच असेल. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले, आणि जवळपास सगळे खेड्यातले. २००१ ते २०१४ या काळातले साधारण ७० टक्के मृत्यू आठ राज्यांतले होते. महाराष्ट्र त्या आठांत नाही. पण मध्य प्रदेश आहे आणि गुजरातही आहे. म्हणजे आमच्या तालुक्यात उभं राहून उत्तरेला पाहिलं की त्या आठांपैकी एक राज्य डोंगराच्या पलीकडे सुरू होतं. राज्याची हद्द नकाशावर जाड रेघेनं दाखवतात, पण सातपुड्यातली माणसं ती रेघ रोज ओलांडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरलं, आणि आपल्या केंद्र सरकारनंही त्याच उद्दिष्टाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर केला.

मात्र या आकड्यांच्या मागचा एक आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं होतं की सर्पदंशानं मेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त माणसं दवाखान्याबाहेर मेली. घरी, वाटेत, भगताच्या अंगणात. म्हणजे दवाखान्याच्या वहीवरून काढलेल्या नकाशात मेलेली माणसं बहुतेक नसतातच. हे मी वाचलेलं होतं. तरीही पहिला नकाशा वहीवरूनच काढला, कारण हाताशी वही होती.

वहीतला पत्ता

वहीत रकाने होते: नाव, वय, लिंग, पत्ता, आल्याची तारीख, वेळ, निदान, पुढे काय झालं. मुलांनी सगळं एक्सेलमध्ये चढवलं. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देणारी सोय इंटरनेटवर असते, ती वापरली. पहिली गडबड तिथेच झाली होती. गावाचं नाव सापडलं नाही तर ती सोय मुकाट्यानं तालुक्याच्या ठिकाणाचा बिंदू देते. पाड्यांची नावं तिला ठाऊक नव्हती. "बुद्रुक" आणि "खुर्द" वहीत लिहिलेलं नसेल तर दोन गावांतलं कोणतं हे तिला कळत नव्हतं. एकाच नावाची गावं खान्देशात किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. वडगाव, पिंप्री, खेडी तर दर तालुक्यात. न सापडलेली सगळी माणसं अशी तालुक्याच्या गावावर येऊन साचली आणि तो लाल ठिपका तयार झाला. तो दंशांचा नव्हताच. आमच्या अज्ञानाचा ढीग होता.

काही बिंदू तर नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात पडले होते. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली की असं होतं. आमचा अक्षांश २१ आणि रेखांश ७५ च्या आसपास, उलटे लिहिले की माणूस थेट ध्रुवाकडे जातो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. तालुक्याच्या गावावर पडलेला चुकीचा बिंदू मात्र खरा वाटतो, म्हणून तो जास्त घातक.

मग इंटरनेटची सोय सोडली. २०११ च्या जनगणनेत दर गावाला सहा आकडी क्रमांक आहे. गावांची यादी त्या क्रमांकासह छापून घेतली आणि वहीतलं एकेक नाव हातानं जुळवलं. नाव अडलं की गावोगावच्या आशा सेविकांना, म्हणजे आशाताईंना, फोन. या कामाला यंत्र लावता येतं, पण मी आता कुणालाही सांगते, पहिल्या फेरीला लावू नका. हातानं जुळवताना वही वाचली जाते. आणि वही वाचताना आम्हाला एक गोष्ट दिसली, जी त्यानंतर माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मुलांनी यादीतून काही ओळी बाजूला काढल्या होत्या. त्यांच्यावर शेरा होता, "जिल्ह्याबाहेरील पत्ता". पत्ते बडवानी, खरगोन या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांतले. आपल्या तालुक्याच्या नकाशात त्यांचं काय काम, असं समजून त्या वगळल्या होत्या, आणि मीही मान डोलावली होती. ज्या दिवशी ओळ न् ओळ वाचली त्या दिवशी दाखल झाल्याच्या वेळा पाहिल्या. पहाटे चार. रात्री एक. पहाटे साडेपाच. बडवानीहून कुणी रात्री एक वाजता आमच्या ग्रामीण रुग्णालयात कशाला येईल? तिथून इथे पोचायलाच डोंगर ओलांडून कितीतरी तास लागतात.

ती माणसं आलीच नव्हती तिकडून. ती इथेच होती, आमच्याच शेतांत. सालदार.

खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहून काम करणारा गडी. आमच्या केळीच्या पट्ट्यात पुष्कळ सालदार पावरा, भिल, बारेला समाजाचे, सातपुड्यातून आणि डोंगरापलीकडून आलेले. बायकामुलांसह मळ्यात राहतात, एखाद्या पत्र्याच्या खोलीत किंवा झोपडीत. गावातल्या यादीत नसतात. रेशनकार्ड तिकडचं, आधार तिकडचं, मतदान तिकडचं. दवाखान्यात गेल्यावर सिस्टर पत्ता विचारते, तेव्हा ते आधारकार्डावरचा पत्ता सांगतात. खरंच सांगतात. प्रश्नच चुकीचा होता.

लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलरा पसरला आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीच्या मृत्यूंचा नकाशा काढला, ही गोष्ट आरोग्य-भूगोलाच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते, मीही सांगते. तिच्यातली एक बाई मात्र बहुतेक जण गाळतात. ती सोहोपासून काही मैलांवर, हॅम्पस्टेडला राहत होती. नकाशावर पंपापासून दूर, एकटीच. स्नो तिच्या मुलाकडे चौकशी करत गेले तेव्हा कळलं, तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून रोज एक बाटली तिकडून यायची. राहती जागा एक आणि आजार जडला ती जागा दुसरी. नकाशा तिला पंपाशी जोडू शकला नसता. विचारपूस केली म्हणून ती जोडली गेली. मी ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवत होते आणि आमच्या तालुक्यातल्या सालदारांना मी स्वतः यादीबाहेर काढलं होतं.

शिवार विचारा

दुसऱ्या फेरीत आम्ही एकच प्रश्न धरला: साप चावला तेव्हा तुम्ही कुठे होता?

आशाताईंनी वहीतली जी माणसं सापडतील त्यांना गाठलं. उत्तरं आली ती पत्त्यांसारखी नव्हतीच. "मना वावरमा", म्हणजे माझ्या शेतात, पाटचारीच्या वर. डीपीच्या खाली. म्हसोबाच्या बांधावर. खळ्यात, कडब्याच्या गंजीशी. ही उत्तरं कोणत्याही संगणकाला कळणार नाहीत, पण गावातल्या पोलीस पाटलाला आणि कोतवालाला अचूक कळतात. आम्ही गाव नकाशे घेऊन बसलो, कोतवालानं बोट ठेवलं तिथला गट नंबर लिहिला, आणि गटाच्या मध्यावर बिंदू टाकला. फोनच्या जीपीएसपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटलं. दाट केळीच्या बागेत फोन आभाळ धड पाहू शकत नाही, बिंदू इकडेतिकडे सरकतो. शिवाय साप चावला त्या जागी त्या माणसाला परत उभं करायचं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

वेळ विचारली, आणि काय करत होता तेही विचारलं. इथे चित्र झपाट्यानं बदललं. केळीला ठिबक आहे, पण ठिबकलाही माणूस लागतो. लाईट आली की मोटर सुरू करायची, व्हॉल बदलायचे, उंदरानं कुरतडलेली नळी शोधायची. शेतीची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रपाळीला बॅटरी घेऊन बागेत शिरणारा माणूस बहुधा सालदार असतो, चपलेवर. बागेत गारवा, पाचोळा, उंदीर. घोणसेला आणखी काय हवं?

आणि मण्यार. मण्यारीचा दंश वहीत कसा लिहिला जातो हे डॉक्टरसाहेबांनी दाखवलं तेव्हा मी सुन्न झाले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूण नीट दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतं म्हणून. घसा धरतो, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. वहीत निदान लिहिलेलं: "पोटदुखी". पुढे "रेफर". त्या ओळी आम्ही सर्पदंशाच्या यादीत घेतल्याच नव्हत्या, कारण शोधताना "सर्पदंश" हा शब्द शोधला होता. अशा सगळ्या नोंदी मण्यारीच्याच होत्या असं म्हणता येत नाही. पण पावसाळ्यातली, पहाटेची, पापण्या जड झाल्याची टिपणी असलेली पोटदुखी डॉक्टरसाहेबांनी वेगळ्या रंगानं टाकायला लावली. नकाशावर तिला आम्ही "संशयित" म्हटलं. ते रंग पुसून टाकायचा मोह मला झाला, नकाशा स्वच्छ दिसला असता. त्यांनी ठामपणे नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

एका संध्याकाळी मी रुग्णालयात असताना एक पेशंट आला. घोट्याच्या वर दंश, सूज पिंडरीपर्यंत. सिस्टरनं नवी, कोरडी काचेची परीक्षानळी काढली, दोन मिलि रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ पाहिलं. कुणी हलवायची नाही. साबणानं धुतलेली नळी चालत नाही, प्लास्टिकची चालत नाही. रक्त गोठण्यात फरक पडतो. वीस मिनिटं. बाहेर त्याची बायको उभी होती, तिच्या कडेवर पोर. वीस मिनिटांनी सिस्टरनं नळी हळूच तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. गोठलेलं नव्हतं. म्हणजे घोणस किंवा फुरसं, ज्यांच्या विषानं रक्त गोठत नाही. मग एएसव्हीच्या बाटल्या उघडायला सुरुवात झाली, सुरुवातीला आठ-दहा लागतातच. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकत्र असतं, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवावा लागत नाही. तो माणूस वाचला. पण ज्या प्रश्नासाठी मी हा नकाशा काढत होते तो मला त्या वीस मिनिटांत कळला. ही वीस मिनिटं इथे, तालुक्याच्या गावात, सुरू झाली. दंशापासून इथवर यायला त्याला किती लागली होती? आणि ही काचेची नळी त्याच्या वाटेवरच्या केंद्रात असती तर?

पांढरा पट्टा

वरचा पट्टा अजून पांढराच होता. गट नंबरची युक्ती तिथे चालत नव्हती. पाडे म्हणजे महसुली गाव नव्हे. एका गावाच्या क्रमांकाखाली पाच-सहा पाडे, एकमेकांपासून ओढ्यांनी तोडलेले. नोंदी थोड्या, कारण तिथून दवाखान्यात येणारे थोडे.

आम्ही चढून गेलो. बडवा, म्हणजे आपल्याकडचा भगत, याच्याशी बोलायचं ठरलं. आशाताई त्याच समाजाच्या, त्यांनी बोलणं जमवलं. बाबा म्हातारे, अंगणात महू, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घातलेला. मी भीतभीत विचारलं की यंदा आणि गेल्या वर्षी सापाची किती माणसं तुमच्याकडे आली. त्यांनी आकडा सांगितला नाही. उठून उभे राहिले आणि हात लांब करून डोंगराकडे दाखवू लागले. त्या टेकाडाखाली एक, मक्यात. ओढ्याच्या वळणावर एक, रातले, खेकडे धरताना. त्या घरात दोन, झोपेत, एकाच रात्री. प्रत्येकाची जागा त्यांना तोंडपाठ होती. कोण वाचला, कोण गेला, तेही. आमच्या वहीत जो रकाना नव्हता तो त्या माणसाच्या डोक्यात होता.

मला तिथे कुणाला अडाणी ठरवायचं नव्हतं आणि आजही नाही. मंत्रानं विष उतरत नाही, हे तितकंच खरं आहे. बिनविषारी साप चावलेला किंवा विष न टोचलेला माणूस वाचतो आणि श्रेय मंत्राला जातं. आशाताईंनी हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही मंत्र म्हणा, पण गाडी बोलवून मग म्हणा." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की गाडी येतच नाही, फरशीवर पाणी असतं.

फरशी, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल. नकाशावर मी रस्ता सलग काळ्या रेघेनं काढला होता.

अंतर आणि वेळ

केंद्राभोवती कंपासनं वर्तुळ काढायचं, आत पडलेल्या गावांना "सोय आहे" म्हणायचं, ही सोपी रीत आहे आणि पुष्कळ कार्यालयांच्या भिंतीवर तसे नकाशे लागलेले असतात. सपाट प्रदेशात ती निभावते. सातपुड्याच्या पायथ्याशी ती माणसाचा जीव घेईल. पाडा आणि केंद्र समोरासमोर दिसतात आणि मध्ये ओढ्याचं खोल पात्र असतं. नियमाप्रमाणे सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पण तो नियम डोकी मोजतो, वाटेतलं पाणी मोजत नाही.

म्हणून रस्त्यांचे तुकडे केले. डांबरी, खडीचा, पायवाट. प्रत्येकाला वेगळा वेग. मग कोरड्या दिवसाचा एक नकाशा आणि फरशी बुडालेल्या दिवसाचा दुसरा. कोणती फरशी कधी बुडते, हे आम्हाला कोणत्याही कार्यालयातून मिळालं नाही. एसटीच्या ड्रायव्हरांनी आणि दूधवाल्यांनी सांगितलं. दूधवाल्याइतका पावसाळी रस्त्याचा जाणकार मी पाहिला नाही.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा उत्तर समोर आलं. कोरड्या दिवशी वरचे पाडे एका केंद्राकडे जात होते, ज्याची इमारत चांगली आणि ज्याला साठा द्यायचं जवळपास ठरलेलं होतं. बुडालेल्या दिवशी तेच पाडे त्या केंद्रापासून तुटत होते आणि दुसऱ्या, पायथ्याशी असलेल्या लहानशा केंद्राकडे पायी जाता येत होतं. साप पावसाळ्यात चावतो. मग नकाशा कोणत्या दिवसाचा धरायचा? तो वाद तिथेच मिटला.

दंशांचं प्रमाण काढताना आणखी एक अडचण होती, आणि ती लहान वस्त्यांच्या प्रत्येक आरोग्य-नकाशात येते. तीनशे वस्तीच्या पाड्यात एक माणूस चावला की लाखामागे ३३३ होतात आणि पाडा गडद लाल. दुसऱ्या वर्षी कुणीच नाही चावलं की पांढरा. रंग उड्या मारतो, धोका मारत नाही. यासाठी शेजारच्या गावांचा आधार घेऊन प्रमाण सावरून घेण्याची रीत आहे, ती वापरली; एकट्या पाड्याचं न ऐकता त्याच्या परिसराचं ऐकायचं. छेदाचं, म्हणजे ज्या लोकसंख्येनं भागायचं तिचं, दुखणं मात्र राहिलंच. २०११ ची लोकसंख्या, त्यात सालदार नाहीत. मळ्यांत राहणारी कुटुंबं आशाताईंनी पोलिओच्या फेरीत मोजलेली होती, एकही घर न वगळता. तो आकडा जनगणनेच्या आकड्यात मिळवला. तो अचूक नसेल, पण त्यात ती माणसं होती.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही. रात्रीच्या लाईटचं वेळापत्रक फीडरप्रमाणे, म्हणजे विजेच्या एकेका वाहिनीप्रमाणे, मिळालं होतं, आणि दंशांचे बिंदू त्याच्यावर ठेवले तर रात्रपाळीच्या शिवारांत गर्दी दिसत होती. माझ्या विद्यार्थ्यांना ते छापायचं होतं. मी थांबवलं. दंशाची वेळ निम्म्याहून जास्त नोंदींत आठवणीवरून घेतलेली होती, आणि ज्या फीडरवर केळी जास्त त्याच फीडरवर माणसंही रात्री जास्त. एकावर एक दोन रंग बसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. मला स्वतःला वाटतं की दिवसाची लाईट मिळाली तर दंश कमी होतील, शेतकऱ्यांची ती मागणी न्याय्यच आहे आणि सौर फीडरचं काम त्यासाठीच सुरू आहे. पण ते मला वाटतं. नकाशानं सिद्ध केलं असं मी म्हणणार नाही, कारण उद्या कुणी नकाशा खोडून काढला तर मागणीही त्याच्याबरोबर पडेल.

काय ठरलं

पायथ्याच्या लहान केंद्रात साठा गेला. द्रवरूप एएसव्ही फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि तिथली लाईट बेभरवशाची, म्हणून पावडर स्वरूपातल्या बाटल्या मागितल्या. त्या साध्या तापमानाला राहतात. नुसत्या बाटल्यांनी भागत नाही. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्या भीतीनं लहान केंद्रांतून पेशंट न टोचताच पुढे पाठवतात. त्यासाठी तिथल्या डॉक्टर आणि सिस्टरना ग्रामीण रुग्णालयात आणून रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनालिन कधी, किती, ते हाताखाली शिकवलं गेलं. काचेच्या नळ्यांचं एक खोकं गेलं. बडवाबाबांकडे गाडीचा नंबर आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिला.

पुढच्या पावसाळ्यात नकाशा पुन्हा काढला आणि पांढरा पट्टा केशरी झाला. बैठकीत कुणीतरी विचारलं की एवढं करून दंश वाढले कसे. डॉक्टरसाहेबांनी शांतपणे सांगितलं की ही माणसं आधीही चावली जात होती, आता ती आपल्याकडे येतायत. त्या पट्ट्याचा रंग आणखी दोन-तीन वर्षं गडदच होत जावा अशी माझी इच्छा आहे. मृत्यूंचा वेगळा नकाशा मात्र फिका व्हायला हवा. हे दोन नकाशे कुणी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही ते दोन वेगळ्या कागदांवर छापतो.

गावांची नावं का देत नाही, ते आता. तीनशे वस्तीच्या पाड्यात एक मृत्यूचा ठिपका म्हणजे एक घर. तिथला कुणीही सांगेल, तो अमक्याचा मुलगा. मुलाला आधी बडव्याकडे नेलं की दवाखान्यात, यावरून त्या आईबापांना बोल लावले जातील. म्हणून बिंदूंचा नकाशा आरोग्य खात्याच्या कपाटात आहे, आणि बाहेर दाखवायचा नकाशा मोठ्या षटकोनी चौकटींचा आहे. कोणत्याही चौकटीत थोड्याच नोंदी असतील तर ती शेजारच्या चौकटीत मिळवलेली. मुलांना हे आधी कंटाळवाणं वाटलं. मग त्यांच्यातल्या एकीनं स्वतःच्याच काकाचा ठिपका ओळखला, आणि त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही.

सगळ्यांत कमी खर्चाचा बदल वहीत झाला. छापील वही बदलायला मंजुरी लागते, म्हणून सिस्टरनं पट्टीनं रेघ मारून "पत्ता" या रकान्याचे दोन भाग केले आणि शेवटी एक रकाना वाढवला. परवा मी ती वही पाहिली. शेवटची ओळ निळ्या पेननं, घाईत लिहिलेली. कायमचा पत्ता: जि. बडवानी. साप चावला ते शिवार: पाटचारीच्या वर, दुसऱ्या डीपीजवळ, केळी. वेळ: रात्री अडीच. काय करत होता: व्हॉल बदलायला गेला होता. पहिली बाटली: पायथ्याचं केंद्र, तीन वाजून चाळीस मिनिटं.